यागोदाने उचललेला ग्लास

१२ एप्रिल
पोलंडमधला सातवा महिना. करार ३१ मेला संपतो. पुढचं वर्ष मिळालं नाही तर परत जॉर्जियात, कुताइसीला, आणि फुटबॉल संपला. मी शांत आहे. घराच्या अंगणात बाबांनी शिकवलेलं डिफेंडरचं पहिलं सूत्र तेच. दुसरं : कुणावर विसंबू नये.
आजपासून साखर बंद, संशय बंद.

१९ एप्रिल
१-० जिंकलो. टीमचं जेवण. कॅप्टन यागोदा (बचावात माझ्या शेजारी तीच असते) माझ्याकडे बघत ग्लास उंचावून म्हणाली, "आमच्या मझियासाठी!" सगळ्या ओरडल्या. ग्लासात बिअर!
आम्ही जॉर्जियन आपल्या माणसासाठी वाइन उचलतो. बिअर उचलतो ती ज्याचं वाटोळं व्हावं त्याच्यासाठी.
आईला फोन केला. म्हणाली, "अगं, त्या पोलिश पोरींना काय ठाऊक आपल्या रीती!" आई फार भोळी आहे.

२२ एप्रिल, दुपारी ३.४०
यागोदा कोच हालिनाबाईंच्या खोलीतून बाहेर आली. मला पाहून हसली. वेळ टिपून ठेवली आहे.
सकाळी विचारत होती, "डावा पाय दुखतोय का गं?" हिला कशाला पंचायती? नाही म्हणाले. दुखतोय.

२७ एप्रिल
यागोदाने घरून केक आणला. "खा गं बये, वाऱ्याने उडशील!" नकार दिला असता तर तिला कळलं असतं की मला कळलंय. म्हणून तीन तुकडे.

४ मे
निर्णय : यागोदाला पास द्यायचा नाही. वैर म्हणून नव्हे, खबरदारी म्हणून.

९ मे
८१वं मिनिट. यागोदा ओरडली, "सोड, माझा आहे!" इतक्या घाईने का ओरडावं? नाही सोडला. हेडर मारला. उत्तम बसला. आमच्याच गोलमध्ये. ०-१.
यागोदाने पाठीवर हात ठेवला. सगळ्यांसमोर, मुद्दाम.

३१ मे
एका वर्षाचा करार मिळाला. गुणवत्ता शेवटी दिसतेच, असं मी हालिनाबाईंना म्हणाले. त्या चष्मा काढून बघत राहिल्या. म्हणाल्या, जागा एकच होती. यागोदा एप्रिलमध्येच सांगून गेली होती की मी माझी जागा सोडते, त्या पोरीला ठेवा. त्या गोलनंतर आमचा विचार बदलला, तर परत आली. म्हणे चूक माझी, मीच उशिरा ओरडले.
सही केली. धावत ड्रेसिंग रूममध्ये गेले. यागोदा सकाळीच सामान घेऊन गेली होती.
तिचा नंबर माझ्याकडे नाही. तिने माझा दोनदा मागितला होता. दोन्ही वेळा मी एक आकडा बदलून दिला.