दोन किलोंच्या आतली झोप

अब्बा,

तुमच्या पोरावर घोर अन्याय झालाय. माझी उशी नामंजूर झाली. हिंगोलीत आमचा पाच जणांचा सायकलींचा गट आहे. सगळे पन्नाशीचे, सगळ्यांचे गुडघे वाजणारे. म्होरक्या दातांचा डॉक्टर. त्याचं फर्मान असं, की साखऱ्याच्या दोन रात्रींच्या सफरीला अंथरूण-पांघरूण मिळून दोन किलोंच्या आत भरलं पाहिजे, नाहीतर माणूस घरी. हातात लटकता काटा घेऊन तो दारात आला, माझी उशी आकड्याला अडकवली आणि दाढ काढावी लागेल असं सांगावं तशा चेहऱ्यानं म्हणाला, "सर, ही एकटीच सव्वा किलो आहे." कळमनुरीच्या गादीवाल्याच्या मुलाची झोप एक दातवाला तोलतोय, आणि मी ऐकून घेतोय! घरात आपण दखनी बोलायचो, पण तक्रार करायला मला मराठीच बरी पडते, म्हणून हे मराठीत.

तुमच्याकडे लोक वजन मागायला यायचे. लग्नाची गादी न्यायला आलेला मुलीचा मामा आधी ती उचलून बघायचा, जरा कण्हायचा आणि मगच खूश व्हायचा. मी मात्र महिनाभर हलकेपणा शोधत हिंडलो. आधी हवेची गादी मागवली. ती फुगवता फुगवता मलाच भोवळ आली. रविवारी दुपारी घरामागं तिच्यावर आडवा झालो, तर कूस बदलली की ती नव्या चपलेसारखी करकरायची. चौथ्या कुशीला फुस्स. बाभळीखाली अंथरली होती. होय, बाभळीखाली. मग झोपायची पिशवी आली, पायाकडं निमुळती, बर्फातल्या माणसासाठी शिवलेली. साखऱ्याच्या शिवारात तिच्यात माणूस शिजून निघेल. आत शिरलो तर सून तुमची म्हणते, "आहो, जितेपणीच कफनात शिरून राहिले काहून?" तेवढ्यात चेन अडकली. मला सोडवायला तिला पंधरा मिनिटं लागली, त्यातली दहा हसण्यात गेली.

पण जायचं होतं मला, अब्बा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फजितीवर लिहिलं. आता चौघं साखऱ्याला जाणार, शाळेच्या ओसरीवर झोपणार आणि परत येऊन माझ्यावर विनोद करणार, हे मला सोसणारं नव्हतं. शेवटी हलकी दुलई भरून घ्यायला कळमनुरी गाठली. तुमच्या दुकानात आता चाचा बसतात, तुमच्या हाताखाली टाके घालायचे ते. मागं पिंजायचं मशीन आलंय. पुढं तेच धुळीचं पांढरं आभाळ, त्यात चाचांच्या भुवया दिसतात तेवढ्याच.

"किती किलोची?" चाचांनी विचारलं.

"एक. जमली तर त्याच्याहून कमी."

"लेकराची व्हय?"

"माझी."

त्यांनी माझ्या पोटाकडं नीट बघून घेतलं. "मग अर्धा तू बाहीरच ऱ्हायला समज." आणि सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, "अशी आपण एकच केली होती. तुझ्या हॉस्टेलाची. तुझ्या अब्बानं तीन डाव पिंजली. मी म्हणलो, काहून एवढी तकलीफ? तर म्हणे, नांदेडात बस स्टँडापासून हॉस्टेल लांब हाय. पोराला पाठीवर न्यावी लागती."

तुम्हाला आठवत असेल, मी केवढा भांडलो होतो. गिऱ्हाइकाला पाच किलो, आणि पोटच्या पोराला एवढीशी? तुम्ही सुतळीची गाठ तेवढी आवळली. हॉस्टेलात सगळ्या पोरांच्या दुलया जाड, आणि गादीवाल्याच्या पोराची सगळ्यात पातळ. मी तिरमिरीत कार्ड टाकलं: थंडीनं झोप लागत नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. पोस्टमननं दुकानात उभं राहून खणखणीत आवाजात वाचलं आणि गादीवाल्याचं पोरगं गारठून मरून राहिलंय हे अख्ख्या बाजाराला कळलं. चौथ्या दिवशी तुम्ही डोक्यावर पाच किलोची दुलई घेऊन हॉस्टेलच्या दारात उभे. तेव्हापासून मी जाईन तिथं सांगत आलोय: आमचा बाप असा गादीवाला, की त्यानं स्वतःच्या पोराचा कापूस मारला. दर वेळी हशा येतो.

"पण थंडी लई वाजली म्हणे तुला," चाचा म्हणाले. "तुझे अब्बा दोन दिवस जेवले न्हाईत."

मी हळूच म्हणालो, "न्हाई वाजली, चाचा."

चाचांना आता कमी ऐकू येतं. "काय?"

"थंडी वाजली नव्हती मला!"

समोरच्या सलूनमधून अर्ध्या दाढीला साबण लावलेला एक माणूस डोकावला. चाचांनी दोरा दातानं तोडला.

"मग बराबर पिंजली होती," ते म्हणाले.

माझी दुलई साडेनऊशे ग्रॅम भरली. डॉक्टरनं काटा दोनदा झटकून बघितला. शनिवारी निघतोय. परवा गटात कुणीतरी म्हणालं, सर, तो तुमच्या वडलांचा कापसाचा किस्सा सांगा. आठवत नाही म्हणालो.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकतो. तुम्ही डोक्यावरून आणलेली पाच किलोची दुलई मी एकदाही पांघरली नाही. तीन वर्षं ती खाली अंथरली आणि वरून ती पहिलीच घेतली, पातळ. तिच्यातसुद्धा पहाटे घाम यायचा.