गॅलरी नको म्हणालात

बाबा, काल जोगेश्वरीला आपल्या चाळीच्या जागी झालेल्या इमारतीवरून गेले आणि तुमचा पुन्हा राग आला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो. त्या बैठ्या चाळीत सगळ्यांच्या दारांसमोरून एकच लांब ओटा होता. बायका तिथे तांदूळ निवडायच्या, तुम्ही गिरणीतून आलात की आधी तिथेच टेकायचात. ऐंशीनंतर चाळ पाडून सोसायटीची इमारत बांधायचं ठरलं, तेव्हा मी आर्किटेक्टच्या ऑफिसात नवीन होते. तुझीच चाळ आहे, तूच काढ, म्हणून साहेबांनी नकाशा माझ्याकडे दिला. मी तो ओटा प्रत्येक मजल्यावर नेला. दारांसमोरून गॅलरी, संडास मात्र ज्याच्या त्याच्या घरात. गॅलरीमुळे दोनऐवजी एकाच जिन्यात भागत होतं आणि खर्च सगळ्यांना झेपेल इतका खाली येत होता. कुणालाही चाळ सोडून जावं लागू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सभा ओट्यावरच भरली आहे. मी नकाशा भिंतीला धरून उभी आहे. तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी. चष्मा लावून बघता आणि सगळ्यांदेखत म्हणता, "चाळीतून काढून परत चाळीतच घालतेस होय गं? ताईला बघायला आले की काय सांगू, नव्या चाळीत राहतो?" मागून कुणीतरी ओरडतं, "शिकून आली नि आम्हाला परत ओट्यावर बसवते!" सगळे हसतात. मी खर्चाचं सांगायला लागते, तर तुम्ही हातानेच थांबवता. मग शेजारच्या काकू हळूच म्हणतात, "बाय माझे, जल्मभर पडद्याआड लुगडं बदललं. आता दार लावून बदलू दे की गो." मी नकाशा गुंडाळायला घेतला. गॅलरीवरच्या घरालाही दार असतं, हे सभा मोडल्यावर सुचलं.

तुमच्या मनासारखे ब्लॉक झाले. जिने दोन, दोन्ही बंदिस्त, दिवसाही दिवा लावावा लागतो. खर्च वाढला आणि काकूंना हप्ते झेपले नाहीत. आपला हक्क विकून मुलाबरोबर नालासोपाऱ्याला गेल्या. त्यांचं सामान तुम्ही स्वतः टेम्पोत चढवलंत. घरी येऊन न जेवता झोपलात. पण पोरीचं ऐकायला हवं होतं, असं त्या दिवशीही म्हणाला नाहीत. मी तेवढ्याचीच वाट बघत होते. ताईचं लग्न त्या ब्लॉकमधूनच झालं, चांगल्या घरात, हेही खरं. तेही तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. मुलुंडला स्वतःसाठी जागा बघताना मी एजंटला पहिलीच अट घातली होती: दारासमोरून कुणाची ये-जा नको. तुम्ही असतात तर तुम्हाला हे कळू दिलं नसतं.