निळ्या पिशवीतल्या चादरी

७ जानेवारी. जेवणाची सुट्टी.

आणि वर मलाच म्हणतात, फार संशयी आहेस तू. मी संशयी! दाजींनी हे ताईला सांगितलं, ताईने आईला, आईने मला. तीन तोंडांतून फिरून आलं तरी शब्द तसाच्या तसा. एरवी आमच्या घरात एक निरोप धड पोचत नाही. त्यावरूनच कळतं, हे सगळे आतून एक आहेत.

मी एवढंच विचारलं होतं की चार दिवस खाणं, झोपणं, पोहणं, नाचगाणी, सगळं एकाच पैशात, तर मग कंपनी जगते कशावर? यात संशय कुठे आला? हा हिशेब आहे. दाजी एसीत बसून लिंक पाठवतात. लिंक पाठवायला अंगठा पुरतो.

ठरलंय ते असं. बाबा रिटायर झाले. त्यांना एकदा बोटीवर राहायचंय. एप्रिलमध्ये आई, बाबा, ताई, दाजी आणि त्यांची दोन्ही पोरं येणार, मी इथूनच चढणार. एकूण सात. बोट मी ठरवणार, कारण बंदर मी राहतो तिथे आहे, दाजी राहतात तिथे नाही.

चार वर्षं झाली घर सोडून इकडे परदेशात येऊन. निघालो तेव्हा ढब्बू रांगत होता, आता पाच वर्षांचा आहे. चिमणीला तर मी अजून उचललेलंच नाही. तीन वर्षांची झाली. फोनवर मला बघते आणि स्क्रीनला बिस्कीट चारते.

चार दिवस एका बोटीवर. कुठे पळून जातील? मला तेवढंच पाहिजे.

१० जानेवारी

तिन्ही कंपन्यांची पत्रकं आणली. हिरवी, निळी आणि पिवळी. खरी नावं लांबलचक आहेत, रंग बरे. रीतसर तपासली. आठ फोटोंत एकच मुलगा हसतोय. म्हणजे बाकीची पोरं रडत होती. हिरव्या पत्रकात एक म्हातारा बायकोसोबत सूर्य बुडताना बघतोय. तोच म्हातारा पिवळ्या पत्रकात. बायको वेगळी.

मास्तरला दाखवलं. मास्तर म्हणजे माझ्या खोलीत राहतो तो, लाँड्रीत इस्त्रीच्या मशीनवर असतो. म्हणाला, अरे फोटोला पैसे घेऊन उभी राहतात माणसं. मी म्हटलं, तेच तर. म्हणाला, तू पोलिसात जायला हवा होतास. चेष्टेत म्हणाला, पण पटलं मला. शाळा सातवीत सुटली म्हणून, नाहीतर.

आजपासून जाहिरातीवर विश्वास नाही. इंटरनेटवर नाही. दाजींवर तर नाहीच.

१५ जानेवारी

सुचलं! इतके दिवस डोळ्यांसमोर होतं.

तिन्ही बोटींचे कपडे आमच्याच लाँड्रीत येतात. बोट बंदराला लागली की चादरी, अभ्रे, टॉवेल पिशव्यांत भरून येतात, आणि निवडायच्या टेबलावर उभा कोण असतो? मी. पत्रक खोटं बोलेल, तिकिटाच्या काउंटरवरची बाई खोटं बोलेल, दाजी तर बोलतातच. चादर खोटं बोलत नाही. माणूस कसा झोपतो, काय खातो, कसा राहतो, सगळं तिच्यावर लिहिलेलं असतं. ते वाचायला शाळा लागत नाही.

वही केली. तीन रकाने.

२४ जानेवारी

पिवळी बाद. लाल दारू, लिपस्टिक, एका उशीवर बुटाचा ठसा. उशीवर! आईला तिथे नेऊन बसवू?

हिरव्या पिशव्या उघडल्या. सांगायलाही लाज वाटते. चॉकलेट. जॅम. रंगीत खडू. एका चादरीवर निळ्या शाईने काढलेला हत्ती, बरा होता, पण चादरीवर? पंचवीसपैकी नऊ चादरींना मुताचा वास. बोट चालवतात की पाळणाघर? मुकादमाने मागून विचारलं, तू चादरी हुंगतोस कशाला रे? मी म्हटलं, साहेब, क्वालिटी. तो बराच वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. त्यालाही माझ्याविषयी काहीतरी शंका आहे. असू दे.

दाजींनी पाठवलेली लिंक हिरव्या कंपनीचीच होती. मी काय म्हणत होतो?

३१ जानेवारी

हिरव्या पिशवीतून प्लॅस्टिकचा डायनॉसोर निघाला. मला दिसला नाही, मशीनला दिसला. मशीन दोन तास बंद. मुकादमाने सगळ्यांसमोर माझा उद्धार केला. हिरव्या रकान्यात मोठी फुली मारली.

५ फेब्रुवारी

निळी! काय चादरी आहेत! घडी मोडलेली दिसत नाही इतक्या नीट. डाग नाही, वास नाही. असलाच तर थोडा बामचा. टॉवेलसुद्धा दुमडून ठेवलेले. माझ्या खोलीतले पाच जण तर आंघोळीनंतर टॉवेल दिव्याला अडकवतात.

आठवडाभर सगळ्या निळ्या पिशव्या तपासल्या. एक वाचायचा चष्मा, एक शब्दकोडं, आणि एका अभ्र्यात दाताची कवळी. खेळणं एकही नाही. खडू नाही, चिकट गोळी नाही. पोरांना इतकं वळण लावणारी कंपनी मी पाहिली नव्हती. ढब्बूला अशाच ठिकाणी न्यायला पाहिजे.

मास्तर म्हणाला, अरे पण त्या बोटीवर पोरं असतील तर ना. त्याला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे. अशी माणसं आयुष्यात पुढे जात नाहीत.

१२ फेब्रुवारी

घरी फोन. दाजींनी मध्येच फोन हातात घेतला. म्हणाले, हिरव्या बोटीवर मुलांची वेगळी खोली आहे, घसरगुंडी आहे, सांभाळायला माणसं आहेत, आईबाबांना तेवढाच आराम. मी म्हटलं, दाजी, परक्याची पोरं फुकट कोण सांभाळतं? ते म्हणाले, फुकट नाही रे, तिकिटातच आहे. मी म्हटलं, हां, बघा, आलं बाहेर. मी जिंकलो.

बाबा मागून म्हणाले, काय करायचं ते कर बाबा, पण जागा संपायच्या आत कर. आई म्हणाली, स्वयंपाक बरा असेल ना रे? ताई म्हणाली, तुझी सुट्टी नक्की आहे ना, तेवढं बघ.

सगळ्यांना सगळी काळजी. माझ्यावर विश्वास कुणाचाच नाही. संशयी म्हणे मी.

२० फेब्रुवारी

बुकिंग केलं. निळी. १४ ते १७ एप्रिल, सात जण.

काउंटरवरची बाई फार गोड बोलत होती, म्हणून मी जास्तच सावध. पहिलाच प्रश्न, लहान मुलं आहेत का बरोबर? मी मनात म्हटलं, आली लाइनीवर. मूल आहे म्हटलं की छोटी खाट, छोटं जॅकेट, छोटी खुर्ची, सगळ्याचे वेगळे पैसे. मी म्हटलं, सगळे समजूतदार आहेत. खोटं काय त्यात? चिमणी फार समजूतदार आहे.

बाई म्हणाली, मग ही बोट तुम्हाला आवडेल, अगदी शांत असते. मी म्हटलं, माहीत आहे, चादरींवरून कळतं. ती हसली. हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

मग तिने नियमांचा कागद पुढे केला. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षर. बारीक अक्षरात सगळी फसवणूक असते हे मला माहीत आहे, म्हणून ते वाचून वेळ घालवला नाही. ॲडव्हान्स इथल्या पैशात नऊशे. चार महिन्यांचं साठवलेलं. रोख दिले. कार्डाचा नंबर असा कुणालाही देणारा मी नव्हे. पावती दोनदा मोजून घेतली, म्हणजे पावतीवरचे आकडे.

२४ फेब्रुवारी

आता सुट्टी. मुकादम तोंडी हो म्हणाला. तोंडी! मागे एकाला हो म्हणून आयत्या वेळी फिरला होता. मी कागद पुढे ठेवला, मास्तरकडून सुवाच्य अक्षरात लिहून घेतलेला. १४ ते १७ एप्रिल सुट्टी मंजूर, कोणत्याही कारणाने यात बदल होणार नाही. म्हटलं, साहेब, सही. तो म्हणाला, एवढा अविश्वास? मी म्हटलं, तत्त्व. त्याने सही केली, शिक्का मारला आणि एक कॉपी स्वतःकडे ठेवली.

माझ्यावर विश्वास नाही म्हणून ठेवली. बघा लोक कसे असतात.

१० मार्च

ढब्बूशी बोललो. त्याला बोटीचं सगळं सांगितलं. म्हणाला, मामा, घसरगुंडी आहे? दाजींनी शिकवलेलं, सरळ दिसतं. मी म्हटलं, अरे चारी बाजूंनी समुद्र आहे. तो म्हणाला, समुद्रावर घसरता येतं? मी म्हटलं, बघू. मग म्हणाला, तू माझ्याजवळ झोपशील का, बाबा घोरतात.

हो म्हटलं. आज दिवसभर चादरी फार भरभर निवडल्या गेल्या.

१९ मार्च. दुपारी ४.

बुकिंग ऑफिसातून फोन. पासपोर्ट पाठवलेत, त्यात दोन जन्मतारखा चुकीच्या दिसतात म्हणे. मी म्हटलं, कुठल्या? तिने सांगितल्या. मी म्हटलं, बरोबर आहेत.

तिकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

निळ्या बोटीवर अठराच्या खालचं माणूस घेतच नाहीत. कागदावर होतं म्हणाली, पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात. मी फक्त बारीक अक्षर बघितलं होतं.

ॲडव्हान्स परत मिळत नाही. ते बारीक अक्षरात होतं.

२० मार्च

शांतपणे विचार केला. चूक कुणाची? चादरींची नाही. त्या खरंच स्वच्छ होत्या. माझा अभ्यास बरोबर होता, फक्त कंपनीने पोरं न घेण्याची लबाडी केली. पोरं न घेता कुणीही चादर स्वच्छ ठेवील. आणि मास्तरने नीट सांगायला हवं होतं. एकदाच बोलला, तेही दात घासता घासता. खरा मित्र असता तर दोनदा बोलला असता.

घरी अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघतोय.

२३ मार्च

वेळ बघायची गरज पडली नाही. बाईने ताईला ईमेल केला. ताईचा फोन. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही, ते जास्त वाईट. म्हणाली, अरे, यांनी हिरव्या बोटीचं केलं बुकिंग. स्वतःचे पैसे घातले. तुझं नावही घातलंय. २१ ते २४ एप्रिल, त्याआधीच्या जागा संपल्या. तू फक्त सुट्टी तेवढी बदलून घे.

म्हणजे हिरवी चांगली हे माझ्या वहीतूनच सिद्ध होतं. नऊ चादरी ओल्या, याचा अर्थ पोरं तिथे निवांत झोपतात. दाजींनी नुसती लिंक बघितली, पुरावा माझ्याकडे होता.

२४ मार्च

मुकादमाकडे गेलो. त्याने ड्रॉवर उघडला. कॉपी काढली. बोट ठेवून वाचून दाखवलं, कोणत्याही कारणाने. सावकाश वाचलं. मजा घेत होता.

म्हटलं, साहेब, बिनपगारी द्या. म्हणाला, त्या आठवड्यात तिन्ही बोटी एकदम लागतात, मास्तर २० तारखेला घरी चाललाय, त्याचं तिकीट काढलेलं आहे, मग मी स्वतः उभा राहू का टेबलावर? म्हटलं, मग १४ ची सुट्टी रद्द करा, कामाला येतो. म्हणाला, तीही नाही, सही केलीय मी, तत्त्व.

२५ मार्च

दाजींना फोन करून सांगितलं की मला नाही जमणार, कामाची जबाबदारी आहे, माझ्याशिवाय इथे पान हलत नाही. ते म्हणाले, अरे रे. मग म्हणाले, एक माणूस कमी केल्याचे पैसे परत मिळतायत का बघतो. एवढंच म्हणाले. टोमणा मारला नाही. यामागे काय आहे ते शोधायला पाहिजे.

दुपारपर्यंत शोधलं. काही सापडलं नाही. साधा माणूस आहे बहुतेक.

१५ एप्रिल

सुट्टीचा दुसरा दिवस. खोलीत. पाचही जण कामावर. भिंतीवर एक डाग आहे, कशाचा ते ठरवलं. चहाचा. दुपारी पुन्हा ठरवलं. गंजाचा.

१७ एप्रिल. दुपारी १.

सुट्टीचा शेवटचा दिवस. दाजींचा फोन. म्हणाले, अरे, तू म्हणत होतास ते खरं निघालं, सगळं तिकिटात नाहीये. माणशी रोजचे नऊ टिप म्हणून वेगळे लावतात. लहान मुलांचेही.

सांगितलं होतं! जानेवारीपासून सांगतोय! कंपनी जगते कशावर? यावरच! दाजींकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. आई मागून म्हणाली, खरंच रे, तुझ्याच लक्षात आलं होतं हो. बाबासुद्धा हं म्हणाले. मग चिमणीने फोन घेतला आणि विचारलं, मामा, तू बोटीत कुठे बसणार? ताईने फोन काढून घेतला.

ते २१ ला सकाळी येतात आणि अकराला थेट चढतात. २४ ला सकाळी उतरले की थेट विमानतळ, दुपारचं विमान. माझी जेवणाची सुट्टी साडेबाराला. तिथून बंदराचं फाटक पंचवीस मिनिटं. सगळं मोजून बघितलं. धावलो तरी नाही.

दाजींना म्हटलं, टिपेचे पैसे मी देतो. ते नको नको म्हणाले. म्हटलं, दाजी, फसवणूक मी पकडलीय, निस्तरणारही मीच. आता पैसे पाठवायच्या दुकानात रांगेत उभा आहे. सात जण, चार दिवस, रोजचे नऊ, असा फॉर्म भरला होता. दोनशे बावन्न. काउंटरवाल्याकडून दुसरा फॉर्म मागून घेतला. सहा जण.

पाठवतोय : दोनशे सोळा.