दुबईच्या गोळ्या आणि माझी टोपली

चेंदणी, ठाणे
मंगळवार

चि. धाकूस आवडाताईचा आशीर्वाद.

तुझ्या त्या गोळ्यांनी माझं पोर भर मैदानात आडवं पाडलं आणि तू तिकडे दुबईत गार हवेत बसलायस! आशीर्वाद वर लिहिला तो आईने वळण लावलं म्हणून, नाहीतर मी दुसरंच काही लिहिणार होते. तुझी कंबर कशी आहे? दुकानातले खोके उचलताना वाकू नको, पाय दुमडून बस. इकडे तुझ्या भावोजींचा गुडघा सोडला तर सगळे बरे होते. म्हणजे तू मे महिन्यात येऊन ती बाटली हरीच्या हातात ठेवलीस तोपर्यंत.

तुला काय जातं रे? शर्टाची बाही वर करून दंड दाखवलास आणि म्हणालास, "रोज एक घे भाच्या, डोकं पण चालेल, दम पण वाढेल." (दंड तुझे लहानपणापासूनच तसे आहेत. आई अंडी तुझ्या ताटात वाढायची आणि रस्सा माझ्या.) हरीची पोलीस भरती. त्यात धावायचं पण आहे आणि लेखी पेपर पण आहे, म्हणजे त्याला दोन्ही पाहिजे. मग त्याने डोकं लावलं, एका गोळीने एवढं होतं तर मूठभर घेतल्यावर किती होईल. पहिले काही दिवस मी पण खूश होते, खोटं कशाला बोलू. झोपेत जिल्ह्यांची नावं म्हणायचा. पण तिसरीत असताना मी त्याला उलथन्याने मारलेलं ते पण त्याला आठवायला लागलं, आणि रोज ऐकवायला लागला. आता ही गोळीची करामत की परीक्षा जवळ आल्याची, ते देवाला माहीत.

मग सुरू झालं वासाचं. क्लासमधली पोरं ह्याच्या बाकावरून उठून दुसरीकडे बसायला लागली. एक दिवस घरी आला, बॅग आपटली आणि म्हणाला, "आई, तुझ्या टोपलीचा वास माझ्या अंगाला लागतो. माझे कपडे तुझ्या लुगड्याबरोबर धुऊ नको." धाकू, हीच मासळीची टोपली डोक्यावर घेऊन मी ह्याची बारावी केली. त्याचे कपडे वेगळे धुतले, वेगळ्या दोरीवर टाकले. बाजारातून आले की मागच्या दारी लिंबू चोळून आंघोळ, मगच घरात पाऊल. तू दिलेला वासाचा साबण, जो मी लग्नकार्याला ठेवलेला, तो पण घासून संपवला. तरी हा ताट घेऊन बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसतो. आणि वर म्हणाला, "भरतीच्या दिवशी मैदानावर येऊ नको, तिथे साहेब लोक असतात." कोळणीचा पोर कोळणीला सांगतो, येऊ नको!

तेवढ्यात खडवलीहून माझ्या नणंदेचा, हौसाबाईचा निरोप आला, तिची मुलगी बाळंत झाली. मी टोपली धुऊन माळ्यावर पालथी घातली आणि गेले. आठवडाभर तिकडे राहिले, मासळी डोळ्यांनी बघितली नाही, नुसता बाळंतिणीचा शेपू आणि धुरी. परत येऊन घराचं दार उघडलं, तर वास! तुझे भावोजी म्हणतात कसे, "तू नव्हतीस पण तुझी आठवण जात नव्हती." मी घरभर हुंगत फिरले. टोपली कोरडी. मोरी स्वच्छ. वास निघाला हरीच्या उशीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा धावायला गेला आणि दुसऱ्याच फेरीत कोसळला. त्याच्याबरोबर धावणाऱ्या दौलतने त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेला. मी पोचले तेव्हा हा पांढराफटक, घामाने भिजलेला, ओकून ओकून दमलेला. डॉक्टरीणबाईंनी ब्लड प्रेशर बघितलं, पार खाली गेलेलं. मी बाटली त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी वाचलं, किती घेतो ते विचारलं, आणि हरीला बाहेर बाकावर झोपवून मला सांगितलं. ह्यात कोलीन म्हणून काहीतरी असतं. ते शरीराला लागतं, मेंदूलाही लागतं, पण अंडी, कलेजी, मासे खाणाऱ्याला ते जेवणातूनच मिळतं. ज्याला मिळत नाही त्याने विचारून घ्यावं. मुठीने घेतलं म्हणून धडधाकट पोराची अक्कल वाढते किंवा दम वाढतो, ह्याला काही भक्कम पुरावा नाही. उलट प्रेशर उतरतं, घाम फुटतो, ओकारी येते. आणि जास्त झालेलं घामातून बाहेर पडतं, ते सडक्या मासळीच्या वासाने.

मी बाटली पदरात गुंडाळली आणि हरीला घरी घेऊन आले.

आता पुढचं ऐक. गोळ्या हा सोडत नाही! मी बाटली तांदळाच्या डब्यात लपवली तर बरोबर शोधून काढली (ह्यात मात्र डोकं चाललं). आता खिशात घेऊन झोपतो. डॉक्टरणीचं नाव काढलं की म्हणतो, "तिला काय कळतं, मामा दुबईला आहे. आणि आत्ता सोडल्या तर सोमवारी दम कुठून आणू?" सोमवारी भरतीची धाव आहे, धाकू. भर उन्हात. परत पडला तर नोकरी गेली ते गेली, पोर हाताला लागेल की नाही कोण जाणे. तो बापाचं ऐकत नाही, माझं तर नाहीच. तुझं ऐकतो. तू दिल्यास, तूच बंद कर. हे पत्र शेजारच्या गणूच्या हाती देतेय, तो उद्याच्या विमानाने तिकडे निघतोय. पत्र मिळताच नाक्यावरच्या काळुरामच्या दुकानात फोन कर, मी हरीला तिथे बोलावून घेईन.

तुझी ताई,
आवडा

ता. क. वासाचं मी हरीला सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर म्हणेल, आई टोमणा मारते. ते पण तूच सांग. मामाच्या तोंडून ऐकू दे, वास टोपलीचा नव्हता. ओरडू नको त्याला, पोर घाबरलंय. आणि सोमवारी आईला बरोबर घेऊन जा, असं तुझ्या मनाने सांगितल्यासारखं सांग. मी सांगितलंय असं म्हणू नको. लुगडं धुऊन ठेवलंय.

ता. क. दुसरं. नाही म्हणाला तरी मी जाणारच आहे, टोपली घेऊन, फाटकाच्या बाहेर बसेन. साहेब लोक पण बोंबील खातात. पण "चल आई" असं तो म्हणाला तर टोपली घरी ठेवेन. तेव्हा उशिरात उशिरा शनिवारी संध्याकाळी दिवे लागायच्या आत फोन वाजला पाहिजे. मी काळुरामच्या दुकानाच्या पायरीवर बसलेली असेन, आणि तुझा फोन आल्याशिवाय उठणार नाही.