वेंडलच्या जॅमची बरणी

वेंडल,

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर मीही तुझ्यासारखी आत जाईन. तांब्याच्या तारा आपण दोघांनी मिळून चोरल्या, म्हणून तुरुंगाऐवजी देखरेखीखालचं प्रोबेशन मिळालं, आणि ते संपेपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही, कुणाकरवी निरोपही धाडायचा नाही, असं जजने बजावलं होतं. त्यात आईकरवी धाडलेला निरोपसुद्धा आला.

त्या रविवारी आई तुझी बरणी घेऊन आली. "अंगणात कढई चढवली होती गं त्याने. तुझ्यासाठी वेगळा काढलाय सफरचंदाचा जॅम."

दुसऱ्या दिवशी प्रोबेशनच्या बाईंनी नेहमीसारखंच विचारलं, "भावाशी काही संबंध?" मला वाटलं, यांना कळलंय. घाबरून बोलून गेले, "त्याने जॅम पाठवला."

पोलिसांनी तुला कामावरून उचललं. आई सांगत होती, तू जजला म्हणालास, "मीच पाठवला. तिने काही मागितलं नव्हतं."

खोटं बोललास रे. "वेंडलला म्हणावं, यंदा जॅम करशील तेव्हा मला विसरू नकोस," हा निरोप आईकरवी आधी मीच धाडला होता. ते मी बाईंना सांगितलं नाही. अजूनही नाही.

आज तुला भेटायला निघताना आईने विचारलं, "त्याला काही सांगू?"

मी म्हटलं, "नको. नियम आहे ना."

बरणी चाटूनपुसून संपवलेली तुझी बहीण,
लॉर्ना