लाल शिक्क्याचा कागद

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

पाठ धरली आहे. सकाळपासून बेदाणा निवडायची दोन मशिनं उघडली. दोन्हींचं दुखणं एकच — कॅमेऱ्याच्या काचेवर बेदाण्याचा चिकट थर. मग मशिनला काळा दाणा आणि पिवळा दाणा सारखाच दिसतो. मालक म्हणे, "नानासो, चीनवरनं नवा कॅमेरा मागवा." कशाला? कापूस, स्पिरिट, अर्धा तास. काळा दाणा हवेच्या फुंकरीनं पुन्हा बाजूला उडायला लागला.

ह्या मशिनांची पुस्तकं चिनीत असतात. मी दहावी नापास. सोळा वर्षांपूर्वी एक शब्दकोश आणि दोनशे पानी वही घेऊन बसलो, आज बावीसशे अक्षरं वाचतो. आजूबाजूच्या चार तालुक्यांत दुसरा माणूस नाही. फुशारकी नाही — चौकशी केली आहे!

१२ फेब्रुवारी

नळाला पाणी नाही. भात केला, खाल्ला नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कोंडीबा हमाल गोडाऊनवर एकाला घेऊन आला. जोतीराम, आटपाडीकडचा. डाळिंबाची बाग, शिवाय अजून चाळीस मेंढरं राखतो. वय साठीला टेकलेलं. डोक्याला काही नव्हतं, पण कपाळावर फेट्याची पांढरी रेघ. बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला.

"चिनी वाचणारं तुमीच न्हवं?"

"मीच."

"पोरगं चीनला हुतं, ग्वांगजौला. योगा शिकवायला. चार वरसं. म्हैना झाला येऊन. बॅग घरात टाकली अन् शिरवळला कंपनीत कामाला लागलं. बॅगंत वरच ह्यो कागद. इचारलं तर म्हणतंय, चिनी येणाऱ्या माणसाकडनं वाचून घ्या."

कोंडीबा मधेच — "आवं, मोबाईल वर धरला की मोबाईलच वाचतोय आता!"

"मोबाईल पल्लवीच्या हातात असतोय, धाकट्या लेकीच्या. तिला कशाला..." एवढं बोलून जोतीरामनं कागद माझ्यापुढे सरकवला.

दोन पानं. शेवटी लाल गोल शिक्का. मुलाचं नाव, विश्वजित, आधी इंग्रजी लिपीत आणि मग चिनी अक्षरांत कसंबसं बसवलेलं. पोलिसांचा निर्णय. पंधरा दिवस कोठडी, दंड, देशाबाहेर. कारण सहाव्या ओळीत, अगदी सरळ — अमुक रात्री अमुक हॉटेलच्या खोलीत पैसे घेऊन पुरुषाशी शरीरसंबंध.

दोनदा वाचलं. मान वर केली तर जोतीराम कागदाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता.

म्हणालो, "व्हिसाची मुदत संपली होती. तरी राहिला, म्हणून परत पाठवला."

"लिवून द्या."

लिहून दिलं. तारीख खरी, क्रमांक खरा, दंड खरा, शिक्का कुठे आहे तेही खरं. सहावी ओळ फक्त माझी. कोठडीचे पंधरा दिवस "कागदपत्रांसाठी थांबवून ठेवले" असे केले. आणि वर एक वाक्य कुणी न मागता — चूक योगा केंद्राची आहे, मुलाची नाही. खाली मशिनच्या कागदांवर करतो ती नेहमीची सही, नेहमीचा शिक्का.

"म्हंजे पोराचा दोष न्हाई!" जोतीराम दोनदा म्हणाला. डोळे पुसले. पिशवीतली डाळिंबं टेबलावर ओतून गेला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

झोप नाही. सोळा वर्षांत एका स्क्रूचं मापसुद्धा खोटं लिहिलेलं नाही. दया केली, असं स्वतःला सांगतो आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

हळदीच्या गोडाऊनात दिवसभर. नाक, कान, थुंकी, सगळं पिवळं. नवीन मशिनच्या पुस्तकात पान चाळीसवर हवेच्या दाबाचा आकडा छापतानाच चुकलाय. चीनला कळवलं. पाच मिनिटांत उत्तर — "तुमचं बरोबर." एरवी आठवडाभर पुरला असता एवढा आनंद. आज पुरला नाही.

ऑक्टोबर २०१८ आठवतो. लिहीत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

जोतीरामचा फोन. एवढ्या मोठ्यानं बोलत होता की फोन कानापासून लांब धरला.

"साहेब, तुमच्या कागदानं लगीन जमलं!"

कसलं लग्न? विश्वजितचं! दहिवडीकडचे एक सुभेदार आहेत, निवृत्त. त्यांची मुलगी उत्कर्षा. बोलणी महिनाभर अडून होती — मुलगा चीनहून असा अचानक का आला, हाच प्रश्न. मिलिटरीतला माणूस, तोंडी ऐकेना. "मी काय केलं, तुमचा कागद फुडं टाकला. चष्मा लावून दोन येळा वाचला गड्यानं. म्हणला, ह्येला म्हणत्यात कागद! सही हाय, शिक्का हाय, बाकी काय पायजे?" बारा मार्चला सुपारी फोडायची.

"विश्वजित काय म्हणतो?"

"त्यो काय म्हणणार? गप बसतोय. लाजतंय."

फोन ठेवला आणि बराच वेळ मशिनचं झाकण हातात धरून उभा होतो.

२४ फेब्रुवारी

जोतीरामला फोन लावला. तीन वेळा. उचलायच्या आत तिन्ही वेळा मीच बंद केला.

२ मार्च, रविवार

विश्वजित आला. दार वाजलं तेव्हा पायजम्यावर होतो. तिशीचा, सडपातळ, दाढी गुळगुळीत, पाठ ताठ — योगा केलेला माणूस बसतानाही कळतो. आत येऊन माझंच भाषांतर माझ्या टेबलावर ठेवलं. चार घड्या पडून त्याची मऊ चिंधी झाली होती. किती हातांतून फिरलं असेल!

"काका, तुमाला चिनी येतं का न्हाई?"

"येतं."

"मग ह्ये काय लिवलंय?"

मी म्हणालो, तुझ्या भल्यासाठी. तो हसला. असलं हसू मी मशिन विकायला येणाऱ्या पोरांच्या तोंडावर बघितलंय, दिवसभर हसून झाल्यावर उरतं ते.

"त्यो कागद मी बॅगंत वर ठेवला हुता. मुद्दाम. फाडून टाकाय मला काय अवघड हुतं? म्हैनाभर दर सुट्टीला घरी यायचो, आप्पांच्या म्होरं बसायचो, तोंड उघडायचो, अन् इचारायचो, मेंढरं पाण्यावर नेली का. म्हणलं कागद बोलंल. कुणीतरी वाचंल, आप्पा शिव्या देतील, मारतील, पण कळंल तरी. तुमी माझं तोंडच दाबलं की!"

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. 'चिनी येणाऱ्या माणसाकडनं वाचून घ्या' — जोतीरामनं शब्दाला शब्द सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. लिहूनही ठेवलं होतं!

चहा केला. तो बोलत राहिला, बाहेर बघत. क्लास बंद पडला. मग एका बारनं 'भारतीय योगी' म्हणून ठेवला. उघडं अंग, कपाळाला गंध, टेबलावर शीर्षासन. लोक फोटो काढायचे, मग त्यातलेच काही मोबाईलवर विचारायला लागले. "सांजच्याला झोपंतनं उठायचं. दाढी करायची, अंगाला तेल लावायचं, अन् हसायला बसायचं. कुणी बायकापोरांचं सांगायचा, कुणी रडायचा, एकजण तर नुसता पाठ दुखतीय म्हणून यायचा, खरंच आसनं शिकला! मजा म्हणाल तर पयला म्हैना. मग औताला जुपल्यागत." बार बंद व्हायचे, महिन्याभरानं दुसऱ्या तळघरात दुसऱ्या नावानं उघडायचे. तेच गिऱ्हाईक, तेच दिवे.

"माझा बी एक माणूस हुता तितं. पैशाचा न्हवं. हाटेलात शेवया करायचा. पकडल्यावर माझा फोन घेतला, त्यात त्याचा नंबर. आता कुटं हाय, ठाव न्हाई."

गप्प बसायला हवं होतं. पण माझी सवय! मी विचारलं, "हार्डवेअर मार्केटच्या मागचं का ते तळघर? बावीस पायऱ्या, शेवटची फुटकी?"

त्यानं कप खाली ठेवला.

"पायऱ्या मोजल्यात तुमी?"

मी उरलेला चहा त्याच्या कपात ओतला.

"काका... मशिन बगायला गेलता म्हनं तुमी चीनला."

मी टेबल पुसायला लागलो. उठताना एवढंच — "ती उत्कर्षा बी.एस्सी. करतीय. फोनवर म्हणली, मला पण योगा शिकवा. तिनं काय केलंय कुणाचं? लगीन तुमी जमवलंय. तुमीच मोडा."

गेला. आता लिहितोच.

ऑक्टोबर २०१८. मशिनच्या चिनी कारखान्यानं ग्वांगजौला प्रदर्शनासाठी बोलावलं होतं. मी पंचेचाळीसचा. तोवर कुणाला हात लावला नव्हता — लग्नाला नकार देताना "मशिनशी लग्न झालंय" म्हणायचो, लोक हसायचे, विषय संपायचा. तळघरात मंचावर नऊ पोरं, पांढऱ्या बनियनवर नंबर. ज्याचा नंबर सांगाल तो येऊन बसतो. मी 'सात' म्हणालो. पोरगा येऊन बसला आणि म्हणाला, परदेशी माणसाच्या तोंडून एवढा स्वच्छ 'सात' मी ऐकला नव्हता. आयुष्यात कुणी एवढं बारीक ऐकलं असेल माझं? हूनानचा होता. डाव्या भुवईत जुनी खोक. मग पाय दुखतात म्हणाला, बारनं दिलेल्या बुटांत रोज सहा तास उभं राहायचं. पैसे दिले, ते किती ते लिहीत नाही. पहाटे दोघांनी रस्त्यावर भाताच्या शेवया खाल्ल्या. तो बसल्या बसल्या झोपला, मी त्याचा वाडगा धरून बसलो.

एवढंच. सहा वर्षं एवढ्यावर काढली.

आणि सहावी ओळ दयेनं गाळली नाही. ती वाचताना माझा आवाज कसा येईल, ह्याच्या भीतीनं गाळली.

३ मार्च

कामाला गेलो नाही. पहिल्यांदाच.

५ मार्च, बुधवार

मूळ कागदाचा फोटो मोबाईलवर होता, त्यावरून नवं भाषांतर पुरं केलं. दोन पानं, सहावी ओळ मूळ शब्दांत. मऊ शब्द शोधले, सापडलेही, पण घातले नाहीत. वर लिहिलं — आधीचं भाषांतर खोटं होतं, जाणूनबुजून केलेलं, माझंच. सही. शिक्का.

शिक्का मारताना हात थांबला. हे कळलं की ह्यापुढे कोण आणेल माझ्याकडे कागद? मशिनवाले म्हणतील, ह्या माणसानं एकदा लिहिलं होतं भलतंच. बरोबर म्हणतील!

७ मार्च, शुक्रवार

विश्वजितला फोन केला. "रविवारी आटपाडीला येतो. मी वाचीन. तू नसलास तरी चालेल."

पलीकडे कंपनीचा खडखडाट. "मी असंन काका. न्हाईतर आप्पा कुणाकडं बगतील?"

८ मार्च

सुभेदारांचाच फोन आला! नंबर जोतीरामकडून घेतला म्हणे. आवाज खणखणीत. "नानासो साहेब, सुपारीला मानाचं आमंत्रण. तुमच्यासारखी चोख माणसं राहिली नाहीत." "बघतो" म्हणालो. चोख!

९ मार्च, रविवार

आटपाडी. अंगणात घोंगडं टाकलेलं. जोतीराम, बायको बनुबाई, विश्वजित. पल्लवीला शेजारी पाठवलं. मूळ कागद एका हातात धरून वाचलं, शब्दाला शब्द. बनुबाईंनी पदर तोंडाला लावला. विश्वजितची मान खाली.

जोतीरामनं शिवी दिली नाही. मला विचारलं, "मग तवा खोटं का वाचलंसा? पोराची कीव आली व्हय?"

"नाही आप्पा. भ्यालो. त्याच गावात, असली पोरं बसतात त्या तळघरात मीही गेलोय, पैसे देऊन. त्या रात्री पोलीस आले असते, तर ह्या कागदावर माझं नाव असतं."

उठलो. "सुभेदारांना मीच जाऊन सांगतो," म्हणालो आणि चपला पायात घालायला लागलो. विश्वजितही माझ्याबरोबर उठला.

मागून जोतीराम म्हणाला, "कुटं निघाला? बसा. दोगंबी बसा."