पिशवीसकट

प्रिय टिल्लू,

नऊ वर्षांनी ताईला बरी आठवण झाली, असं म्हणशील. म्हण. पण फाडून टाकू नकोस, शेवटपर्यंत वाच. चष्मा लागला, गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र तशीच आहे. नवा माळी म्हणतो, बाईंचा आवाज ऐकून झाडंसुद्धा ताठ उभी राहतात. आपण त्या लांब रस्त्यावर लावलेली सगळी कुठे राहिली रे? दवाखान्याकडची वीस, तुझ्या हातची, अशी फोफावलीत की फुटपाथवर भर दुपारी सावली असते. शाळेकडच्या चाळीसांतली अकरा उरलीत, तीही कलंडलेली.

तो आठवडा तू विसरला नसशील. शनिवारी पालिकेचे मोठे साहेब पाहणीला येणार होते आणि तू एकेका रोपाचे लाड करत बसला होतास. खड्डा ऐसपैस खणायचा, काळी प्लॅस्टिकची पिशवी ब्लेडने चिरायची, आत गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करायची, लहान पोरीच्या केसांतला गुंता सोडवावा तशी. मी मुकादम, माझा जीव टांगणीला. सगळ्यांसमोर तुला झापलं. शुक्रवारी तू टँकर आणायला गेलास आणि मी उरलेली चाळीसच्या चाळीस रोपं पिशवीसकट खड्ड्यांत उभी करून घेतली. वरून माती ओढली. तू परत येऊन तोंडात बोट घातलंस, आणि मी तोऱ्यात म्हटलं, बघ, याला म्हणतात काम.

उन्हाळ्यात तीच चाळीस माना टाकू लागली. तू रोज पहाटे बादल्या वाहिल्यास, तळहाताला फोड आले तुझ्या. साहेबांनी जाब विचारला तेव्हा मी म्हणाले, पाणी घालायचं काम भावाकडे आहे आणि तो अंगचोर आहे. किती गयावया केलीस तू! नोकरी गेली ती गेलीच. घरीही मी तेच सांगितलं. बाबांनी जन्मभर माळीकाम केलेलं. रोप तहानेनं मारणाऱ्याचं तोंड बघणार नाही, म्हणाले. तू एक बॅग उचलून गेलास, तेव्हा मी स्वयंपाकघरात उगाचच भांडी विसळत होते.

परवाच्या वाऱ्यात शाळेसमोरचं झाड आडवं झालं. खाली कोणी नव्हतं, नशीब. बुंध्याशी पिशवीच्या मापाचा मुळांचा गोळा, त्यावर काळ्या प्लॅस्टिकच्या चिंध्या. नव्या माळ्याने कपाळावर हात मारून घेतला आणि हे कोणत्या दीडशहाण्याने लावलं म्हणून विचारलं. मी बाजूलाच उभी होते. तुला लिहिता आलं असतं की रोपं पिशवीमुळे सुकली हे मलाही परवाच कळलं. पण नाही रे. तुझी नोकरी जायच्या चार दिवस आधी मी त्यातलं एक वाळकं रोप उपटून पाहिलं होतं. भोवतालची माती तुझ्या पाण्याने ओलीचिंब, आणि पिशवीतला गोळा दगडासारखा कोरडा. मी ते पुन्हा खड्ड्यात खोचलं, पायाने माती दाबली, घरी आले आणि पोटभर जेवले. लाज वाटते रे, टिल्लू. तुझ्याहून मोठी असल्याची लाज वाटते.

काल ऑफिसात सगळं लेखी दिलं. उरलेली अकरा तपासतील, धोक्याची असतील ती काढून तिथे नवी लावतील, माझं काय करायचं ते ठरवतील. आज सकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी एकदा स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि आईला हाक मारून तुझा पत्ता मागितला. तिने नऊ वर्षं तो शिवणाच्या डब्यात लपवला होता म्हणे. आता ते दाराशी खुर्ची टाकून बसलेत, पत्र संपलं का म्हणून दोनदा विचारून झालं. मला माफ कर असं म्हणायला तोंड नाही. पण पाकिटावरचं ते थरथरतं अक्षर माझं नाही, बाबांचं आहे. निदान त्यांच्यासाठी ये.

अजूनही म्हणू देशील तर तुझीच,
ताई